परिहारकाल आणि खेळाडू : दीर्घ व्याधीनंतरच्या पुनरागमनाविषयी

नोव्हेंबर २०२४ मध्ये एक वार्ता वैद्यवर्तुळात हातोहात फिरली. कॅनडाचा ख्यातनाम हॉकीपटू जोनाथन टेव्झ हा पंचकर्म चिकित्सेसाठी भारतात आला असून पाच आठवडे येथे राहून उपचार घेत असल्याचे त्याने स्वतःच समाजमाध्यमावरून कळविले होते. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये तो पुन्हा सामन्यात उतरला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना साहजिकच अभिमान वाटला. आम्हांसही वाटला. परंतु थोड्याच दिवसांत आमच्या परिचयाच्या एका पंचकर्म केंद्राच्या माहितीपत्रकावर 'पाच आठवड्यांत मैदानावर' अशा आशयाचा मजकूर छापलेला पाहिला, आणि या विषयावर सविस्तर लिहिणे आवश्यक आहे असे वाटले. आपल्याकडे येणाऱ्या तरुण खेळाडूंच्या दृष्टीने हा मजकूर केवळ अतिशयोक्त नाही, तो घातक आहे. तो घातक का, हे आम्ही आमच्याच एका चुकीवरून शिकलो. ती चूकही पुढे सांगणार आहोत.

प्रथम त्या खेळाडूची हकीकत, कारण वृत्तपत्रांतून ती तुकड्या-तुकड्यांनीच आपल्यापर्यंत पोहोचली.

टेव्झचा खेळ म्हणजे बर्फावरील हॉकी. आपल्या हिरवळीवरील हॉकीशी तिचे नाते काठी आणि गोल एवढ्यापुरतेच. साठ मिनिटांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन सत्रांत खेळला जातो. खेळाडू एका वेळी साधारण पाऊण मिनिटच बर्फावर राहतो, पण त्या पाऊण मिनिटात तो सर्वस्व ओततो आणि बाहेर येऊन श्वास भरून पुन्हा आत जातो. धडक हा खेळाचाच भाग असतो. अमेरिका व कॅनडा येथील राष्ट्रीय हॉकी लीगमध्ये असे ऐंशीहून अधिक सामने एका हंगामात खेळावे लागतात. शास्त्रीय परिभाषेत बोलायचे तर साहस, अतिव्यायाम, वेगाने प्रवास आणि रात्रीजागरण ही सर्व निदाने या एका व्यवसायात एकवटलेली आहेत.

टेव्झचा जन्म १९८८ सालचा, विनिपेग शहरातला. २००८ मध्ये, अवघ्या विसाव्या वर्षी, तो शिकागो ब्लॅकहॉक्स संघाचा कर्णधार झाला. २०१०, २०१३ आणि २०१५ असे तीन वेळा त्याच्या संघाने स्टॅन्ली चषक जिंकला. २०१० व २०१४ च्या ऑलिंपिकमध्ये तो कॅनडाच्या सुवर्णपदक विजेत्या संघात होता. असा खेळाडू डिसेंबर २०२० मध्ये जाहीर करतो की, अंगातील शक्ती गेल्यासारखी झाली आहे, ग्लानी आहे, आणि तो अनिश्चित काळासाठी खेळापासून दूर राहणार आहे. तो संपूर्ण हंगाम त्याने गमावला. जून २०२१ मध्ये त्याने सांगितले की वैद्यांनी त्याच्या व्याधीस दीर्घकालीन रोगप्रतिकार-प्रतिक्रियेचा लक्षणसमूह असे नाव दिले आहे. या निदानाबाबत आधुनिक वैद्यकातही एकमत नाही. ज्वर नाही, व्रण नाही, अस्थिभंग नाही. रुग्ण चालता-बोलता दिसतो, परंतु त्याच्यात बल नाही. अशा रुग्णाची व्यथा आपल्या बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या प्रत्येकाला परिचित आहे.

त्यानंतर तो परतला. २०२१-२२ च्या हंगामात त्याने एकाहत्तर सामने खेळले. वाचणाऱ्यास वाटेल, बरा झाला. पण पुढच्याच हंगामात त्रेपन्न सामन्यांवर थांबावे लागले. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याने जुनी लक्षणे आणि कोविडोत्तर दीर्घ लक्षणे अशी दोन्ही कारणे सांगून विश्रांती घेतली. १३ एप्रिल २०२३ रोजी तो शिकागोसाठी शेवटचा सामना खेळला. त्या ऑगस्टमध्ये त्याने 'निवृत्त होत नाही, परंतु थांबतो' असे कळविले. त्यानंतर अनेक उपाय, मग भारतातील पंचकर्म, मग २०२५ च्या उन्हाळ्यात जन्मगावच्या विनिपेग जेट्स संघाशी एक वर्षाचा करार, आणि ९ ऑक्टोबर २०२५ रोजी वयाच्या सदतिसाव्या वर्षी पुन्हा बर्फावर पाऊल.

आता या तारखा जुळवून पाहाव्यात. दोन सामन्यांमधील अंतर सुमारे तीस महिन्यांचे आहे. पंचकर्म आणि पुनरागमन यांमधील अंतर सुमारे दहा-अकरा महिन्यांचे आहे. सर्वांनी पाच आठवडे मोजले. ते दहा-अकरा महिने कोणीही मोजले नाहीत. आमच्या मते या हकीकतीतून वैद्याने शिकण्यासारखे जे आहे ते त्या न मोजलेल्या महिन्यांत आहे.

शिवाय पंचकर्मानेच तो बरा झाला असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. मधल्या काळात त्याने इतरही उपाय केले होते, दीर्घ विश्रांती घेतली होती, आणि वृत्तपत्रातील बातमी ही चिकित्सापत्रिका नव्हे. प्रतिस्पर्धी वैद्यकाने एखाद्या एकाच रुग्णावरून असा दावा केला असता तर आपणच त्यावर तुटून पडलो असतो.

आचार्यांनी काय सांगितले आहे

आपल्या संहितांमध्ये शोधनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक कटाक्षाने, शोधनानंतरच्या काळाचे वर्णन आहे. चरकाचार्यांनी सिद्धिस्थानाच्या अखेरच्या अध्यायात शोधन झालेल्या रुग्णाचे रक्षण कसे करावे हे सांगताना तीन उपमा दिल्या आहेत. कोवळ्या अंड्याप्रमाणे, काठोकाठ भरलेल्या तैलपात्राप्रमाणे, आणि गुराख्याने काठी घेऊन गाईंना सांभाळावे त्याप्रमाणे. तिन्ही उपमांत शक्तीचा उल्लेख नाही, जपण्याचा आहे. त्याच ठिकाणी ज्या आठ गोष्टी टाळावयास सांगितल्या आहेत, त्यांत उच्च स्वरात बोलणे, वाहनातील हादरे, अतिचंक्रमण, दीर्घकाळ बसून राहणे, अजीर्ण, अहित भोजन, दिवास्वाप आणि मैथुन यांचा समावेश होतो. एखाद्या खेळाडूचा नित्यक्रम डोळ्यांसमोर आणावा: सराव शिबिरासाठी बसचा रात्रभर प्रवास, मैदानात ओरडून सहकाऱ्यास हाक मारणे, धावणे, वसतिगृहातील अवेळी जेवण, दुपारी झोप. आठांपैकी बहुतेक गोष्टी पहिल्याच दिवशी घडतात.

परिहारकालाचे गणितही सिद्धिस्थानातच आहे. बस्त्यादी कर्मांना जितका काळ लागला त्याच्या दुप्पट काळ परिहार पाळावा. प्रधान शुद्धी झालेल्या रुग्णास बारा अन्नकालांचा म्हणजे सात दिवसांचा संसर्जन क्रम, मध्यम शुद्धीस आठ अन्नकाल, अवर शुद्धीस चार. हे आपण सर्वजण पदवी परीक्षेत लिहून आलो आहोत. प्रत्यक्षात रुग्ण चौथ्या दिवशी कार्यालयात जातो आणि आपण त्याकडे डोळेझाक करतो. कार्यालयात खुर्चीवर बसणाऱ्यास ते कसेबसे खपून जाते. मैदानावर खपत नाही.

ज्वरचिकित्सेतही हाच धागा आहे. ज्वर गेला तरी जोवर बल आले नाही तोवर व्यायाम, व्यवाय, स्नान, फार फिरणे वर्ज्य करावे, अन्यथा गेलेला ज्वर पुन्हा परततो, असे चरकाचार्य स्पष्टपणे सांगतात. या पुनरावर्तक ज्वरासाठी किराततिक्त, कुटकी, मुस्ता, पर्पटक व गुडूची यांचा स्वतंत्र क्वाथही सांगितला आहे. पुनरावर्तनाची एवढी स्वतंत्र दखल घ्यावी लागली याचा अर्थ त्या काळीही घाई करणारे रुग्ण आणि त्यांना परवानगी देणारे वैद्य असावेत.

'बरा झाला' हे ठरवायचे कशावरून? शास्त्रकारांनी प्रकृतिस्थ पुरुषाची लक्षणे दिली आहेत. तो सर्व प्रकारचा आहार-विहार सहन करतो, मलमूत्रादींच्या प्रवृत्तीत अडथळा नाही, मन प्रसन्न व रममाण होणारे, इंद्रिये स्थिर, बल आणि सत्त्व दोन्ही संपन्न. आपण बहुधा यांतील भूक, मलप्रवृत्ती आणि निद्रा एवढ्या तीन गोष्टी विचारतो, जिव्हा पाहतो, नाडी पाहतो आणि 'ठीक आहे' म्हणतो. सर्व सहन होते की नाही, हे विचारायचे राहून जाते. आमचेही राहिले होते.

आमच्या चिकित्सालयातील एक अनुभव

काही वर्षांपूर्वी एक एकोणीस वर्षांचा मुलगा आमच्याकडे आला. हॉकीमध्ये मध्यफळीत खेळणारा, राज्य पातळीच्या निवडीच्या उंबरठ्यावर असलेला. आदल्या सप्टेंबरात त्याला डेंग्यू झाला होता. रुग्णालयातून तो आठवड्याभरात घरी आला, रक्तातील बिंबिका पूर्ववत झाल्या, अहवाल सर्व चांगले. परंतु फेब्रुवारी उजाडला तरी तो मैदानावर गेला नव्हता. सायंकाळी अंग कोमट, सांधे जड, अरुची, आणि जिना चढताना पोटऱ्या भरून येणे. वजन सात किलोने घटलेले. प्रशिक्षक फोन करीत होते, वडील अस्वस्थ होते, आणि मुलगा कोणाशी फारसे बोलत नव्हता.

आम्ही जीर्णज्वर, सामता आणि रसधातूची दुष्टी मानून चिकित्सा केली. बल अवर असल्यामुळे शोधनाचा विचार केला नाही. दीपन-पाचन, गुडूची, पर्पटक, लघु आहार, नंतर घृत, असा क्रम ठेवला. दोन महिन्यांत भूक उत्तम, जिव्हा निर्मळ, वजन चार किलोने वाढलेले, सायंकाळचा ज्वर नाहीसा. एप्रिलमध्ये त्याला हलका सराव करण्यास आम्ही सांगितले. मे महिन्यात निवड चाचणी होती आणि वयोगटाच्या नियमानुसार त्याच्यासाठी ती शेवटची होती. वडिलांनी विचारले, "डॉक्टर, चाचणीला जाऊ द्यायचं ना?" आम्ही हो म्हणालो. इतकेच नव्हे, खेळण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्रही आमच्या सहीने दिले.

त्या भेटीत त्याची आई एक वाक्य बोलून गेली होती. "खेळून येतो त्या दिवशी चांगला असतो हो, पण दुसऱ्या दिवशी दहा वाजले तरी उठवत नाही त्याला." आम्ही हसून म्हणालो, या वयातली मुले उशिराच उठतात.

मेच्या उन्हात एकाच दिवशी दोन सामने खेळवले गेले. मुलगा दोन्ही खेळला, चांगला खेळला असे प्रशिक्षकही म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्याला पुन्हा ज्वर आला, अंगमर्द इतका की स्नानगृहापर्यंत जाताना भिंतीचा आधार घ्यावा लागे. पुढील सहा आठवडे तो अंथरुणाला खिळला. निवड झाली नाहीच. आमची चूक औषधाची नव्हती. अग्नीची परीक्षा आम्ही केली, आहार पचतो की नाही हे पाहिले, परंतु श्रम पचतो की नाही हे पाहिले नाही. आईने उत्तर पुढ्यात ठेवले होते आणि आम्ही ते आळस म्हणून झटकून टाकले.

श्रमोत्तर ऱ्हास आणि दुसरा दिवस

श्रम केल्यानंतर लगेच नव्हे, तर बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी किंवा त्याहूनही उशिरा लक्षणे उफाळून येणे ही घटना आज आधुनिक वैद्यकातही महत्त्वाची मानली जाते. दीर्घकालीन थकव्याच्या व्याधीत आणि कोविडोत्तर दीर्घ लक्षणांत ती वारंवार दिसते. पूर्वी अशा रुग्णांना दर आठवड्यास व्यायाम ठराविक प्रमाणात वाढवीत न्यावा असा सल्ला दिला जात असे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि दीर्घकालीन थकव्याच्या या व्याधीत असा ठराविक चढता व्यायाम देऊ नये असे सांगितले. ज्या रुग्णास श्रमोत्तर ऱ्हास होतो त्याला जिद्दीने ढकलले तर तो सुधारत नाही, मागे जातो. 'घाम गाळला की अंग मोकळे होते' हा आपल्याकडचा सरसकट सल्ला येथे लागू नाही.

येथे अर्धशक्ती व्यायामाचा विचार उपयोगी पडतो, परंतु थोड्या विवेकाने. कपाळ, नाक, कक्षा व सांधे यांवर स्वेद येणे, मुखशोष, आणि तोंडाने श्वास घ्यावा लागणे ही अर्ध्या बलाची लक्षणे. यांतील स्वेदाचे लक्षण विदर्भातील किंवा मराठवाड्यातील एप्रिल-मे महिन्यांत निरुपयोगी आहे, तेथे खेळाडू मैदानावर उभा राहिला तरी घामाघूम होतो. मुखशोषाचेही तसेच. म्हणून आम्ही श्वासावर भर देतो: तोंड मिटून धावता येत नाही किंवा सलग एक वाक्य बोलता येत नाही, तेथे अर्धे बल संपले. शिवाय हे अर्धे बल निरोगी माणसाचे नव्हे, त्या दिवशीच्या त्या रुग्णाचे मोजायचे. पूर्वी तासभर धावणाऱ्या मुलास आज पाच मिनिटांत मुखश्वास लागत असेल, तर आजचे त्याचे अर्धे बल पाच मिनिटांचे आहे. हे त्याला पटवणे औषध देण्यापेक्षा कठीण जाते.

त्या मुलाच्या दुसऱ्या फेरीत आम्ही संसर्जन क्रमाचेच सूत्र विहाराला लावले. हे आमचे योजन आहे, शास्त्रवचन नव्हे, हे स्पष्ट करतो. पेयेच्या जागी घराभोवती चालणे. विलेपीच्या जागी मैदानाला मंद गतीने एक फेरी. अकृत यूषाच्या जागी एकट्यानेच काठी आणि चेंडू घेऊन सराव. कृत यूषाच्या जागी संघाबरोबर सराव, पण अंगाला अंग न भिडवता. मांसरसाच्या जागी सामना, आणि तोही प्रथम पंधरा मिनिटांच्या एकाच सत्रापुरता. आपल्या हॉकीत आता पंधरा मिनिटांची चार सत्रे असतात आणि खेळाडू कितीही वेळा बदलता येतो, ही या दृष्टीने मोठीच सोय आहे.

संसर्जनात आधीचे अन्न पचून खरी भूक लागल्याशिवाय पुढचे अन्न देत नाहीत. येथेही आधीचा श्रम पचल्याशिवाय पुढची पायरी नाही. पचला की नाही हे त्या दिवशी सायंकाळी कळत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कळते. म्हणून आम्ही त्याच्या आईला एक साधी वही दिली. त्यात चारच नोंदी: किती वाजता आपणहून उठला, उठल्यावर अंग हलके की जड, न्याहारीची भूक होती का, आणि जिना चढताना पोटऱ्या भरल्या का. दोन सकाळी निर्मळ गेल्या तर तीच पायरी पुन्हा, आणि ती तीनदा पचली तर पुढची. एकदा जरी जडत्व आले तर एक पायरी मागे, आणि मागे गेल्यावर तेथे किमान आठवडाभर थांबायचे. पहिल्या चार महिन्यांत तो केवळ तिसऱ्या पायरीपर्यंत पोहोचला. वडिलांना हे सहन होत नसे. प्रशिक्षकांना मात्र पटले. त्यांनी सांगितले की दुखापतीनंतर गुडघ्यासाठी ते असेच करतात, ज्वरासाठीही करावे लागते हे ठाऊक नव्हते.

काही प्रसंगी मात्र ही वही पुरेशी नसते आणि वैद्याने हट्ट धरू नये. ज्वरानंतर छातीत धडधड, छातीत दुखणे, चक्कर किंवा धावताना भोवळ येत असेल तर प्रथम ई. सी. जी. आणि हृदयाची तपासणी. हृदयाच्या स्नायूंचा दाह असेल तर सामान्यतः तीन ते सहा महिने कठोर व्यायाम बंद ठेवतात, कारण अशा हृदयावर ताण पडला तर मैदानावरच मृत्यू ओढवू शकतो. प्लीहा वाढलेली असताना धडकेचा खेळ नकोच. पांडू, अवटु ग्रंथीचा विकार, राजयक्ष्मा यांसाठीचे रक्तपरीक्षण करून घेण्यात आपल्या शास्त्राचा कोणताही कमीपणा नाही.

औषधालयचालकांसाठी विशेष

बल कमी, थकवा, पुन्हा खेळायचे आहे, असे सांगत खेळाडू वैद्याकडे येण्यापूर्वी बहुधा आपल्या दुकानात येतो. 'ताकदीचं काहीतरी द्या' ही त्याची मागणी. येथे एक धोका आहे ज्याची आपल्या क्षेत्रात पुरेशी चर्चा होत नाही. राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवरील खेळाडूची उत्तेजकद्रव्य चाचणी केव्हाही होऊ शकते. भारतात राष्ट्रीय उत्तेजकद्रव्यविरोधी संस्था, म्हणजे 'नाडा', हे काम करते. २०२२ च्या स्वतंत्र अधिनियमाने तिला कायद्याचा आधार मिळाला आहे. मूत्रात निषिद्ध द्रव्य सापडले की जबाबदारी खेळाडूवर येते. ते वनस्पतीतून आले, वैद्याने दिले, दुकानदाराने दिले, हे सांगून सुटका होत नाही. फार तर शिक्षा सौम्य होते. बंदी दोन ते चार वर्षांची होऊ शकते. आजारातून दीड वर्षाने उठलेल्या मुलाच्या बाबतीत याचा अर्थ क्रीडाजीवनच संपणे असा होतो. २०११ मध्ये भारताच्या महिला चार गुणिले चारशे मीटर रिले धावपटूंच्या चाचणीत स्टेरॉइड सापडले. चीनमधून आणलेल्या जिनसेंगमधून ते आले असावे असा बचाव होता, तरीही बंदी टळली नाही.

आपल्या नित्य वापरातील काही कल्प या दृष्टीने पाहावेत. कुपीलूतील स्ट्रिक्नीन हे स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. म्हणजे विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी, कृमिमुद्गर रस हे स्पर्धेच्या सुमारास खेळाडूस देता कामा नयेत. शुद्ध कुपीलू असला तरी त्यात स्ट्रिक्नीन उरतेच. (सेंट लुईस येथील १९०४ च्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकलेल्या टॉमस हिक्स याला धावत असताना वाटेत ब्रँडी व अंड्याच्या पांढऱ्या बलकाबरोबर स्ट्रिक्नीन पाजले गेले होते. तेव्हा त्यास कोणाचीही हरकत नव्हती. तो शर्यतीअखेर मरता मरता वाचला.) भांग असलेले जातीफलादी चूर्ण व मदनानंद मोदक, अहिफेन असलेले कर्पूर रस व कामिनीविद्रावण रस यांचेही तेच. सोमलतेत इफेड्रिन असते. बलेतही त्या वर्गातील अल्कलॉइड नोंदलेले आहेत. इफेड्रिनसाठी मूत्रात प्रति मिलिलिटर दहा मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे आणि बलेतील प्रमाण अल्प असते, म्हणून बलारिष्टाची प्रत्येक बाटली धोक्याची असे आम्ही म्हणत नाही. पण स्पर्धेच्या आठवड्यात ती टाळण्यात शहाणपण आहे.

सर्वात अनपेक्षित बाब गुळवेलीची आहे. जीर्णज्वरात आणि आजारोत्तर दौर्बल्यात आपण पहिले नाव तिचे घेतो. खरी गुडूची ही निषिद्ध नाही. परंतु बाजारात तिच्या जागी तिची एक बहीण, टिनोस्पोरा क्रिस्पा, मिसळून येते. या वनस्पतीत हायजेनामिन नावाचे द्रव्य असल्याचे नोंदलेले आहे, आणि जागतिक उत्तेजकद्रव्यविरोधी संस्थेच्या २०१७ च्या सूचीपासून ते सर्वकाळ, स्पर्धेबाहेरही, निषिद्ध म्हणून नावानिशी नमूद आहे. या दोन वनस्पतींत गल्लत करू नये असे आयुष मंत्रालयानेही जाहीरपणे सांगितले आहे. क्रिस्पाचे खोड करडे आणि त्यावर ठळक गाठींसारखे उंचवटे दाटीने असतात. खऱ्या गुळवेलीचे खोड हिरवट असते आणि त्यावर तसे उंचवटे नसतात. चूर्ण झाल्यावर डोळ्यांनी हे ओळखता येत नाही. म्हणून खेळाडूसाठी ओली वेल स्वतः ओळखून आणावी, नाहीतर ओळख-परीक्षणाचा दाखला असलेल्या उत्पादकाकडूनच घ्यावी. अश्वगंधा, शतावरी, आमलकी ही निषिद्ध सूचीत नाहीत, परंतु बिनलेबलाचे 'वजन वाढवणारे' चूर्ण आणि त्यातील स्टेरॉइडची भेसळ याविषयी आपणां सर्वांना ठाऊक आहे, त्याची अधिक चर्चा येथे करीत नाही. असे चूर्ण विकणारे दुकान आपल्या शेजारी असेल तर त्याच्याशी स्पर्धा करण्याचे कारण नाही.

व्यवहारात आम्ही आता एवढे करतो. रुग्णपत्रिकेवर 'खेळाडू' असे लाल शाईने लिहितो. त्याला दिलेल्या प्रत्येक कल्पाचे पूर्ण नाव, उत्पादक आणि घटना क्रमांक, म्हणजे वेष्टनावरील बॅच नंबर, लिहून देतो. ती चिठ्ठी तो जपून ठेवतो. चाचणीच्या वेळी घेतलेल्या औषधांची माहिती त्याला द्यावी लागते, तेव्हा 'वैद्यांनी पुड्या दिल्या' हे उत्तर चालत नाही. पुड्या बांधण्याची आपली जुनी रीत खेळाडूपुरती तरी सोडावी लागेल. आणि प्रमाणपत्र देताना केवळ 'योग्य' असे न लिहिता कोणत्या पायरीपर्यंत योग्य आणि किती वेळासाठी योग्य, हे लिहितो. एका शिबिराने असे प्रमाणपत्र परत पाठवले, नमुन्यात ती जागा नाही म्हणून. आम्ही ते पुन्हा तसेच पाठवले.

मध्यफळीत खेळणारा तो मुलगा आज कोठे आहे, असे वाचक विचारतील. वयोगटाची चाचणी गेली. आता त्याला वरिष्ठ संघासाठीच प्रयत्न करावा लागेल, आणि तेथे स्पर्धा अधिक तीव्र. गेल्या पावसाळ्यात त्याला सर्दी-ज्वर होऊन दोन पायऱ्या मागे यावे लागले. एकदा आई बाहेर बसली असताना त्याने विचारले, "सर, मी परत पूर्वीसारखा खेळेन का?" आम्ही म्हणालो, ते आम्हांस ठाऊक नाही. या आठवड्यात तू सोमवारी खेळलास आणि बुधवारची सकाळ निर्मळ गेली, एवढे ठाऊक आहे. तो काही बोलला नाही, पण वही घेऊन आला होता ती टेबलावर ठेवली. त्या वहीत आता त्याचेच हस्ताक्षर असते, आईचे नाही.

सध्या तो आठवड्यातून दोन वेळा एक-एक सत्र खेळतो. येत्या गुरुवारी प्रथमच एका सामन्यात दोन सत्रे खेळणार आहे, मध्ये एका सत्राची विश्रांती घेऊन. शुक्रवारी सकाळी आठ वाजता आम्ही त्याच्या घरी दूरध्वनी करणार आहोत, आणि शनिवारी पुन्हा.